गावातल्या शेवटच्या घरापर्यंत इंटरनेट: इंग्लंडमधली पॅरिश कौन्सिल काय करते?

२०१५ साली युरोपीय संघाच्या शेती अनुदानाची नवी योजना सुरू झाली, तेव्हा इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांना सांगण्यात आलं की अर्ज आता ऑनलाइन भरायचा. शेताचा नकाशा पडद्यावर उघडायचा, बांध तपासायचे, कुठे काय पेरलंय ते नोंदवायचं. मार्च महिन्यात ती नकाशाची प्रणालीच कोलमडली, सरकारला कागदी अर्जांवर परत यावं लागलं आणि मुदत १५ मेवरून १५ जूनपर्यंत वाढवावी लागली. त्या वेळचा दोष सॉफ्टवेअरचा होता. पण सॉफ्टवेअर धडधाकट असतं, तरी डोंगराळ भागातल्या कितीतरी वस्त्यांवर तो नकाशा उघडला नसता, कारण तिथली फोनची तार एवढं ओझं वाहण्याच्या लायकीचीच नव्हती.

इंग्लंडसारख्या श्रीमंत देशात इंटरनेट रडतखडत चालणारी गावं आहेत, हे आपल्याकडे सहसा कुणाला पटत नाही. आहेत, आणि तिथल्या लोकांचं काम अडतं. वासरू जन्मलं की २७ दिवसांत त्याच्या पासपोर्टसाठी, म्हणजे गुरांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करावा लागतो. व्यवसाय ठरावीक उलाढालीपुढे गेला की व्हॅटचा हिशेब २०१९ पासून डिजिटल पद्धतीनेच द्यावा लागतो. गावातली बँकेची शाखा बंद झालेली असते आणि डॉक्टरांची वेळ ऑनलाइन घ्यायची असते.

या गावांसाठी जी संस्था सर्वांत आधी धडपडताना दिसते, ती सरकारी उतरंडीत सर्वांत खालच्या पायरीवर आहे: पॅरिश कौन्सिल. इंटरनेट पुरवणं हे तिचं कायदेशीर कर्तव्य नाही, त्यासाठी लागणारा पैसा तिच्याकडे नाही आणि इंजिनिअर तर नाहीच. तरीही दोन शेजारच्या गावांपैकी एकात फायबर येतं आणि दुसऱ्यात येत नाही, याचं कारण शोधायला गेलं तर पुष्कळदा तिच्यापाशीच येऊन थांबावं लागतं.

ग्रामपंचायतीसारखी, पण बरीच वेगळी

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतलं गाव. शतकानुशतकं गावाचा बराचसा कारभार चर्चच्या ‘व्हेस्ट्री’ नावाच्या सभेत चालायचा. १८९४ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टने तो चर्चपासून वेगळा काढला आणि निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलच्या हाती दिला. त्या निवडणुकीत बायकाही उभ्या राहू शकत होत्या. संसदेच्या निवडणुकीत त्यांना मत मिळायला अजून २४ वर्षं होती. आज इंग्लंडमध्ये अशा सुमारे १०,००० पॅरिश आणि टाउन कौन्सिल आहेत आणि त्यांचे जवळजवळ एक लाख सदस्य आहेत. वेल्समध्ये १९७४ पासून त्यांच्या जागी कम्युनिटी कौन्सिल आल्या.

आपल्या ग्रामपंचायतीशी तुलना करायचा मोह होतो, पण फरक मोठा आहे. ग्रामपंचायतीकडे पाणीपुरवठा असतो, दिवाबत्ती असते, गावातले रस्ते असतात, घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली असते आणि वित्त आयोगाचा निधी येतो. इंग्लंडच्या गावात पाणी कंपनीचं, रस्ते कौंटी कौन्सिलचे, कचरा तिच्याखालच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा. पॅरिश कौन्सिलच्या वाट्याला दफनभूमी, खेळाचं मैदान, बाकडी, बस थांब्याची शेड, पायवाटा आणि भाजीपाला पिकवायला भाड्याने देण्याचे जमिनीचे तुकडे येतात. लाल टेलिफोन बूथ एक पौंडाला विकत घेऊन त्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठीचं यंत्र किंवा छोटं वाचनालय ठेवायचं, हे कामही अलीकडे अनेक कौन्सिलनी केलं आहे. खर्चासाठी ती वर्षाला एक रक्कम ठरवते, तिला प्रिसेप्ट म्हणतात, आणि ती काउन्सिल टॅक्ससोबत, म्हणजे तिथल्या घरपट्टीसोबत, वसूल होऊन येते. केंद्राकडून नियमित निधी असा काही येत नाही.

कौन्सिलमध्ये किमान पाच सदस्य असतात आणि बहुतेक जण काही मानधन न घेता काम करतात. पगारी माणूस एकच, क्लर्क, तोही बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले थोडेच तास. आपल्याकडच्या ग्रामसेवकासारखी त्याच्यावर सगळी कागदपत्रं असतात, पण ऑफिस बहुधा नसतं. क्लर्क आपल्या घरातून काम करतो आणि सभा गावच्या हॉलमध्ये भरते. वर्षाला किमान चार सभा. सभेची नोटीस पूर्ण तीन दिवस आधी लावावी लागते. १९६० च्या कायद्याने कुणीही गावकरी सभेला येऊन बसू शकतो.

याशिवाय १ मार्च ते १ जून या काळात वर्षातून एकदा ॲन्युअल पॅरिश मीटिंग होते. संध्याकाळी सहाच्या आत ती सुरू करता येत नाही. ही कौन्सिलची सभा नव्हे, ही मतदारांची. आपली ग्रामसभा समजा. १५० पेक्षा कमी मतदार असलेल्या अगदी छोट्या पॅरिशमध्ये सहसा कौन्सिलच नसते, फक्त ही सभा असते.

ब्रॉडबँडचा विषय पहिल्यांदा निघतो तो बहुधा इथेच.

तार किती लांब, यावर सगळं

जुनं इंटरनेट फोनच्या तांब्याच्या तारेवरून येतं. ही तार टेलिफोन एक्स्चेंजमधून निघते, रस्त्याकडेच्या हिरव्या पेटीत येते, तिथून खांबांवरून किंवा जमिनीखालून घरात. तांब्यातून आवाज दूरवर जातो, पण वेगवान डेटाची लहर अंतरागणिक विरत जाते. २०१० नंतर सरकारने आणि कंपन्यांनी एक्स्चेंजपासून हिरव्या पेटीपर्यंत फायबर टाकलं आणि पुढचा तुकडा तांब्याचाच ठेवला. पेटीला खेटून असलेल्या घराला त्यामुळे ८० मेगाबिटपर्यंत वेग मिळू लागला. दीड-दोन किलोमीटरवरच्या शेतघराला त्यातले काही मेगाबिट, कधी तेही नाही. कॅनॉलच्या मुखाशी ज्याचं शेत आहे त्याचा ऊस हिरवागार आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणीच पोहोचत नाही, तसंच हे.

काही घरं तर पेटीतून न जाता थेट एक्स्चेंजला जोडलेली होती, त्यांना पेटीच्या सुधारणेचा फायदाच झाला नाही. आणि काही जुन्या तारा तांब्याच्या नसून ॲल्युमिनियमच्या आहेत, तांबं महाग झालं त्या काळात टाकलेल्या. त्यांची अवस्था आणखी वाईट.

फायबर घरापर्यंत नेलं की अंतराचा हा प्रश्न जवळपास मिटतो. काचेच्या केसाएवढ्या धाग्यातून प्रकाश वीसेक किलोमीटर सहज जातो. मग सगळीकडे फायबर का नाही? कारण खर्च फायबरचा नसतो, खोदाईचा असतो. डांबरी रस्ता खोदायचा तर कौंटीची परवानगी, वाहतूक अडवायला दिवे आणि माणसं, खोदून झाल्यावर रस्ता पूर्ववत करून देणं, हे सगळं आलं. शहरातल्या शंभर मीटर रस्त्यावर तीस घरं असतात, खेड्यात त्याच अंतरावर एक असतं किंवा नसतंच. कंपनीने हिशेब मांडला की शेवटची दहा घरं बाहेर पडतात. यात कुणाचा दुष्टावा नाही, पण त्या दहा घरांची बाजू मांडण्याची जबाबदारीही कुणावर टाकलेली नाही.

टक्केवारीत न दिसणारी घरं

ब्रिटिश सरकारने २०१० मध्ये ‘बीडीयूके’ ही यंत्रणा उभी केली. जिथे कंपन्या आपणहून जाणार नाहीत तिथे अनुदान देऊन ब्रॉडबँड न्यायचं, हे तिचं काम. २०१७ च्या अखेरपर्यंत देशातल्या ९५ टक्के घरांना २४ मेगाबिटच्या वरचा वेग, असं लक्ष्य होतं आणि ते गाठलंही गेलं. पहिल्या टप्प्यातली सगळी कंत्राटं बीटी या एकाच कंपनीला मिळाली आणि त्यावर २०१३ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने कडक टीका केली.

मला खटकतं ते टक्केवारीचं लक्ष्य. ९५ टक्के गाठायचे असतील तर कुणीही आधी सोपी घरं जोडेल. उरलेले पाच टक्के म्हणजे देशभर विखुरलेली वेगळी गावं नव्हेत; पुष्कळदा ते एकाच गावाचे दोन भाग असतात. चर्चजवळच्या घरांना वेग मिळतो, ओढ्यापलीकडच्या वाडीला नाही. कागदावर मात्र ‘गाव झालं’. आणि मधली चांगली घरं एकदा निघून गेली की उरलेल्यांचा खर्च दरघरटी आणखी वाढतो, कारण वाटून घ्यायला आता कुणी नाही.

२०२० च्या मार्चमध्ये एक हक्क आला: प्रत्येक घराला किमान १० मेगाबिट डाउनलोड आणि १ मेगाबिट अपलोडची जोडणी मागता येते. जोडणीचा खर्च ३,४०० पौंडांच्या आत असेल तर कंपनीने ती द्यायची. त्याच्या वर जाईल तो खर्च घरमालकाचा. आडबाजूच्या शेतघराला त्या ‘वरच्या’ रकमेचा जो आकडा सांगितला जातो, तो ऐकून तो हक्क बहुतेक जण विसरूनच जातात.

२०२१ मध्ये ‘प्रोजेक्ट गिगाबिट’ ही नवी सरकारी योजना आली, पाच अब्ज पौंडांची. यातली पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण गावाचं नशीब इथेच ठरतं.

सरकारी पैसा फक्त अशाच ठिकाणी खर्च करायचा असतो जिथे खासगी कंपनी स्वतःच्या पैशाने येणार नाही. म्हणून सरकार आधी सगळ्या कंपन्यांना विचारतं: तुम्ही आज कुठे आहात, आणि पुढच्या तीन वर्षांत कुठे जाणार आहात? त्यावरून प्रत्येक पत्त्याला नकाशावर एक खूण मिळते. कुणीच येणार नसेल तर तो पत्ता अनुदानाला पात्र. एखादी कंपनी येणार म्हणाली तर सहसा अपात्र. मग हा नकाशा लोकांसमोर ठेवला जातो आणि ठरावीक आठवड्यांत कंपन्या, कौन्सिल आणि नागरिकांनी त्यावर आपलं म्हणणं कळवायचं असतं.

या पद्धतीत गावाचं नुकसान दोन प्रकारे होतं. एक म्हणजे कंपनी ‘येणार’ म्हणते, त्यामुळे घरं अनुदानातून बाहेर पडतात, आणि पुढे कंपनीचं भांडवल आटतं, व्याजदर वाढतात, दुसरी कंपनी तिला विकत घेते आणि तो बेत रद्द होतो. तोवर त्या भागाचं कंत्राट या घरांना वगळून देऊन झालेलं असतं. दुसरं म्हणजे पत्त्यांचा घोळ. ब्रिटनचा पोस्टकोड शहरात एखाद्या गल्लीएवढा असतो, खेड्यात त्यात काही किलोमीटरवर पसरलेली शेतघरं येतात. घरांना नंबर नसतात, नावं असतात. गोठ्याचं घर केलेलं असतं, एका शेतघराची तीन घरं झालेली असतात. प्रत्येक पत्त्याला एक सरकारी ओळख क्रमांक आहे खरा, पण तो क्रमांक नेमक्या कोणत्या छपराचा, हे लंडनमधल्या माणसाला कसं कळणार?

ते क्लर्कला कळतं. किंवा त्या सदस्याला, जो तीस वर्षं त्या रस्त्याने दूध गोळा करतो. नकाशा खुला असतो त्या आठवड्यांत कौन्सिलने सभा घेतली, यादी काढली, ‘हे घर जोडलेलं दाखवलंय पण तिथे चार मेगाबिटच येतात’ असं एकेका पत्त्यानिशी लिहून पाठवलं, तर घरं यादीत येतात. कुणीच उत्तर दिलं नाही तर नकाशा जसा आहे तसाच राहतो आणि तो बरोबर धरला जातो. गावात फायबर येण्या-न येण्यातला फरक पुष्कळदा एवढाच असतो की कुणीतरी ते पत्र वेळेत पाठवलं. मला हे काम फार मोठं वाटतं. वर्तमानपत्रात याची बातमी कधीच होत नाही.

व्हाउचर, आणि सह्या गोळा करणं

दुसरा मार्ग व्हाउचरचा. ज्या घराचा वेग कमी आहे त्याच्या नावावर सरकार ठरावीक रक्कम देतं. सुरुवातीला ग्रामीण घराला १,५०० आणि छोट्या व्यवसायाला ३,५०० पौंड होते, पुढे दोघांनाही ४,५०० पर्यंत झाले. हे पैसे घरमालकाच्या हाती पडत नाहीत. जोडणी झाल्यावर ते कंपनीला मिळतात. घरमालकाने फक्त ‘मी ही जोडणी घेईन आणि किमान वर्षभर ठेवीन’ असं मान्य करायचं असतं.

गंमत बेरजेत आहे. ६० घरांनी होकार दिला तर जास्तीत जास्त २ लाख ७० हजार पौंड जमतात. ३५ घरांनी दिला तर १ लाख ५७ हजार ५००. खोदाईचा खर्च मात्र दोन्ही वेळेला जवळपास तेवढाच. म्हणजे प्रत्येक होकार हा शेजाऱ्याच्याही जोडणीचा पैसा असतो. ‘मला माझं आहे ते पुरतं’ म्हणणारे आजोबा नकळत ओढ्यापलीकडच्या मुलीचा ऑनलाइन अभ्यास अडवतात. सुट्टीपुरतं उघडणारं घर असेल तर मालक लंडनला असतो आणि सरकारच्या ईमेलला उत्तर देत नाही. अशा वेळी दारावर जाऊन, चहा पिऊन, दोनदा-तीनदा समजावून सांगणारं माणूस लागतं. कंपनीच्या विक्रेत्याला दारात उभं करत नाहीत, शेजाऱ्याला करतात. म्हणून कौन्सिलचे सदस्य आणि गावातले स्वयंसेवक हे काम वाटून घेतात: एका रस्त्याला एक जण.

कौन्सिल स्वतः पैसे घालू शकते का? थोडे. वेगळा अधिकार नसलेल्या खर्चासाठी १९७२ च्या कायद्याचं कलम १३७ आहे, पण त्याला दर मतदारामागे मर्यादा आहे. २०२४-२५ मध्ये ती १० पौंड ८१ पेन्स होती. ४०० मतदारांच्या गावात पूर्ण वर्षाचे ४,३२४ पौंड झाले. एवढ्यात रस्ता फार थोडा खणून होतो. २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टने यापेक्षा व्यापक अधिकार दिला, पण त्यासाठी दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेले हवेत आणि क्लर्ककडे ठरावीक पात्रता हवी. छोट्या गावांत निवडणुकीला पुरेसे उमेदवारच मिळत नाहीत, रिकाम्या जागांवर माणसं नेमून घ्यावी लागतात, आणि मग हा अधिकार हातचा जातो. ज्या गावांना तो सर्वांत जास्त लागतो, त्यांनाच तो मिळणं अवघड, ही या कायद्यातली खोट आहे.

जमीन कुणाची?

रस्ता टाळून शेतातून फायबर नेलं तर खर्च कितीतरी पटींनी उतरतो. पण शेत कुणाचं तरी असतं. त्याची लेखी परवानगी लागते, तिला वेलीव्ह म्हणतात. एका शेतकऱ्याने नकार दिला की मार्ग वळवावा लागतो आणि वळवलेला मार्ग डांबरावर आला तर अख्ख्या गावाचा हिशेब कोसळतो. मोठ्या जमीनदारीत मालकाशी बोलणं होतच नाही, त्याच्या एजंटशी पत्रव्यवहार होतो आणि त्यात महिने जातात.

कौन्सिलवरचे बरेच सदस्य स्वतः शेतकरी असतात, त्यामुळे कुणाशी बोलायचं आणि कधी बोलायचं नाही हे त्यांना ठाऊक असतं. कापणीच्या आठवड्यात कुणी परवानगीचा कागद घेऊन गेलं तर उत्तर काय मिळेल, हे आपल्याकडेही कुणालाही कळेल. मात्र सदस्याच्या स्वतःच्या शेतातून केबल जाणार असेल आणि त्याचा त्याला मोबदला मिळणार असेल, तर त्याने ते जाहीर करून त्या विषयाच्या वेळी बाजूला व्हायचं असतं. गावात सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी असतात, म्हणून हा नियम पाळला जातो की नाही, यावर लोकांचा विश्वास टिकतो.

लँकेशरमधल्या गावांनी काय केलं

उत्तर इंग्लंडमध्ये लून नदीच्या खोऱ्यातल्या गावांनी वाट पाहणं सोडलं. २०११ मध्ये त्यांनी ‘ब्रॉडबँड फॉर द रुरल नॉर्थ’ नावाची सामुदायिक संस्था काढली. लोक तिला ‘बार्न’ म्हणतात. नेटवर्कची आखणी बॅरी फोर्ड यांची, ते लँकेस्टर विद्यापीठात संगणक जाळ्यांचं काम केलेले तज्ज्ञ. गावकऱ्यांना उभं करण्यात क्रिस कोंडर पुढे होत्या, शेतकरी कुटुंबातल्या. दोघांना पुढे एमबीई हा सन्मान मिळाला.

त्यांचा विचार साधा होता. खर्च खोदाईत आहे ना, मग खोदाई आपण करू. जमीन शेतकऱ्यांची आहे ना, मग परवानगी फुकट द्या. २०१२ मध्ये काम सुरू झालं. ट्रॅक्टरला मोल प्लाउ लावायचा. तो जमिनीत एक अरुंद चीर पाडत जातो आणि त्याच चिरेत मागून पाइप सरकवत नेतो. कुरण दोन आठवड्यांत पुन्हा मिटतं. जिथे ट्रॅक्टर जात नाही तिथे लोकांनी हाताने चर खणले, दगडी बांधांखालून वाट काढली. नंतर पाइपमधून हवेच्या दाबाने फायबर फुंकलं. खोदणाऱ्याला दर मीटरला दीड पौंड या हिशेबाने संस्थेचे शेअर मिळायचे. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी शेअर विकत घेतले, ज्यांच्याकडे फावडं होतं त्यांनी फावड्याने घेतले. बायका फायबरचे धागे जोडायला शिकल्या, निवृत्त शिक्षक नकाशे काढायला लागले.

सुरुवातीला महिन्याला ३० पौंडांत एक गिगाबिटची (हजार मेगाबिटची) जोडणी मिळायची, आणि अपलोडही तितकाच वेगवान. त्या काळात लंडनमधल्या बहुतेक घरांना हे मिळत नव्हतं. शाळा, चर्च आणि गावच्या हॉलना सेवा मोफत. नफा वाटायचा नाही, पुढच्या गावात घालायचा. लँकेशरमधून हे जाळं कम्ब्रिया आणि यॉर्कशरच्या डोंगराळ भागात पसरलं आणि पुढे हजारो घरांपर्यंत गेलं.

एक गोष्ट त्यांनी कसोशीने पाळली. गावात काम सुरू करायचं तर गावातलं प्रत्येक घर नकाशात धरायचं, एकटं असलेलं शेतघरसुद्धा. सोपी घरं आधी उचलायची नाहीत. लांबच्या घराचा खर्च जवळच्या घरांनी नकळत वाटून घ्यायचा. टक्केवारीच्या लक्ष्याच्या हे अगदी उलट आहे, आणि मला वाटतं सरकारी योजनांनी घ्यायला हवा होता तो धडा हाच.

प्रत्येक गावाला हे जमेल असं नाही. नकाशा वाचणारा, हिशेब ठेवणारा, ट्रॅक्टर असलेला आणि वर्षभर संध्याकाळ देऊ शकणारा, अशी माणसं एकाच गावात सापडावी लागतात. जिथे निम्मी घरं सुट्टीपुरती उघडतात, तिथे ती सापडत नाहीत.

खांब, मनोरे आणि उपग्रह

नवे खांब हा आजचा वादाचा विषय आहे. दूरसंचाराच्या खांबाला पूर्ण बांधकाम परवानगी लागत नाही, कंपनीने २८ दिवसांची सूचना दिली की पुरतं. त्यामुळे एका सकाळी खिडकीसमोर खांब उभा दिसतो आणि त्याच संध्याकाळी लोक कौन्सिलच्या सभेत येतात. ज्या गावाने फायबर मागितलं तेच गाव खांबाला विरोध करतं, आणि दोन्ही मागण्या खऱ्या असतात. जुन्या खांबांवरून आणि जुन्या पाइपातून दुसऱ्या कंपनीला केबल न्यायची मुभा ऑफकॉम या नियामकाच्या नियमांनी दिली आहे; कौन्सिलने सुरुवातीलाच तिचा आग्रह धरला तर निम्मे वाद होत नाहीत.

नॉरफोकसारख्या सपाट भागात चर्चचे मनोरे कामी आले. तिथल्या धर्मप्रांताने २०११ मध्ये एका कंपनीबरोबर ‘वायस्पायर’ सुरू केलं आणि मनोऱ्यांवर अँटेना बसवून बिनतारी इंटरनेट दिलं. २०१८ मध्ये चर्च ऑफ इंग्लंड आणि सरकार यांच्यात असा करार देशपातळीवर झाला. अगदीच दुर्गम जागांसाठी आता उपग्रह आहेत. यॉर्कशरमधल्या बाराव्या शतकातल्या रीव्हो मठाच्या अवशेषांपाशी सरकारने २०२२ च्या अखेरीस स्टारलिंकची चाचणी जाहीर केली. पण त्यावर समाधान मानून फायबरची मागणी सोडू नये, असं माझं मत आहे. उपग्रहाची जोडणी एकेका घराची असते. तिने एकट्या घराची अडचण सुटते, गावाला स्वतःचं जाळं मिळत नाही.

जुनी फोनसेवा बंद होते आहे

जुनं टेलिफोन जाळं ३१ जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलं आहे. आधीची तारीख डिसेंबर २०२५ होती. यानंतर घरातला फोनही ब्रॉडबँडवर चालणार. जुनी तार स्वतःची थोडी वीज एक्स्चेंजमधून आणायची, म्हणून गावची वीज गेली तरी फोन चालायचा. नवा फोन राउटरला जोडलेला, वीज गेली की बंद. ज्यांना दुसरी सोय नाही त्यांना कंपनीने किमान एक तास चालेल अशी व्यवस्था द्यावी, असं ऑफकॉमचं मार्गदर्शन आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अर्वेन वादळात उत्तर इंग्लंडमधल्या काही घरांची वीज आठवडाभराहून जास्त गेली होती. गळ्यात आणीबाणीचं बटण घालून एकटी राहणारी म्हातारी माणसं अशा घरांत असतात आणि ते बटण फोनच्या तारेवरच चालत आलेलं आहे.

म्हणून आता कौन्सिलचं काम बदलतं आहे. अशी बटणं कुणाकडे आहेत याची त्या माणसांच्या संमतीने यादी करणं, गावच्या हॉलमध्ये जनरेटर ठेवणं, मोबाइलचं नेटवर्क कुठे मुळीच नाही ते नोंदवून कंपन्यांना कळवणं, ही कामं आधीच सुरू व्हायला हवीत. वादळ आल्यावर क्लर्कचा फोनही लागणार नाही.

आपल्याकडे भारतनेटने २०११ पासून फायबर ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत न्यायचं ठरवलं. पंचायत कार्यालय हेच जाळ्याचं टोक. पुढे घरोघरी कुणी न्यायचं, हा प्रश्न तिथून सुरू होतो. इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या नावाने फायबर येत नाही, घरांच्या नावाने येतं. पण यादी कुणी करायची, कुणाचं घर सुटलं हे कुणी सांगायचं, जमिनीसाठी कुणाच्या पाया पडायचं, हे दोन्हीकडे गावातल्याच कुणाला तरी करावं लागतं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी लोकांना बहुधा ठाऊक नसतं की भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून तिथे मतदान करू शकतात, रीतसर व्हिसा असला की पुरे. कायमच्या वास्तव्याची परवानगी असेल तर पॅरिश कौन्सिलची निवडणूकही लढवता येते. त्यासाठी त्या पॅरिशचा मतदार असावं, किंवा वर्षभर तिथे किंवा तीन मैलांच्या आत राहत असावं, किंवा तिथे काम करत असावं. नेटवर्किंगमध्ये नोकरी करणारी आपली माणसं आता मँचेस्टर-लीड्सबाहेरच्या खेड्यांत घरं घेत आहेत, आणि ज्या कौन्सिलना फायबरचा नकाशा वाचता येणारा एकही सदस्य नाही त्या नेमक्या तिथेच आहेत. रिकाम्या जागेची सूचना गावच्या फलकावर लागते. दहा मतदारांनी पोटनिवडणूक मागितली नाही तर कौन्सिल थेट नेमणूक करते. अर्ज क्लर्ककडे द्यायचा.